चिखलावरचा धक्का: मऊ मातीत कंटेनर बंदराचा विस्तार कसा करतात?

पाचोरा हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव भुसावळ-मनमाड-कल्याण या लोहमार्गावर आहे. नागपूरच्या बाजूने मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या मालगाड्या याच स्थानकातून पुढे जातात. खानदेशातील कापूस, सूत आणि निर्यातीची केळी यांनाही समुद्रापार जाण्यासाठी प्रामुख्याने हेच बंदर जवळ पडते. केळी तर सुमारे १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमान राखणाऱ्या थंड कंटेनरमधून जातात. बंदरात एक दिवस खोळंबा झाला तर त्याचा हिशेब शेवटी शेताच्या बांधापर्यंत येतो.

खोळंबा टाळायचा तर बंदराला धक्के वाढवावे लागतात. न्हावा-शेव्याला ते वाढवायचे म्हणजे पाय रुतेल अशा चिखलावर हजारो टनांचे ओझे उभे करायचे. ते कसे करतात, त्यात काय बिघडू शकते आणि एवढा वेळ का लागतो, हे या लेखात पाहू.

दोन माती, दोन स्वभाव

पाचोऱ्याच्या माणसाला अवघड माती नवी नाही. खानदेशातील काळी कसदार जमीन कापसाला उत्तम, पण घराच्या पायाला वाईट. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजामुळे हे होते. म्हणून इथे घर बांधताना काळी माती काढून मुरमापर्यंत खोदण्याची रीत आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेले छोटे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, विकसित केले. साधारण साडेतीन मीटर खोलीवर ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. खांब तिथपर्यंत नेला की वरच्या मातीची फुगणी घराला उचलत नाही.

मुंबईच्या खाडीतील चिखलही मूळचा दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेतूनच आलेला आहे. फरक पाण्याचा आहे. शेतातली माती ओली-सुकी होत राहते, तर खाडीतली कायम पाण्यात असते. ती शतकानुशतके कण कण करून साचलेली आणि कधीही सुकून घट्ट न झालेली असते. तिच्यातील पाण्याचे वजन पुष्कळदा कोरड्या मातीच्या वजनाएवढे भरते. काळी माती फुगून त्रास देते, खाडीची माती दबून त्रास देते, आणि हे दबणे वर्षानुवर्षे चालू राहते.

न्हावा-शेवा: धक्क्यांची वाढ

रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात वसलेले जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. बंदराचा स्वतःचा कंटेनर धक्का ६८० मीटर लांबीचा होता. त्याला लागून ६०० मीटरचे, भारतातील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल १९९९ मध्ये सुरू झाले. २००६ मध्ये ७१२ मीटरचे तिसरे टर्मिनल आले आणि पुढे ३३० मीटरची आणखी एक जोड मिळाली.

सर्वांत मोठा विस्तार म्हणजे चौथे टर्मिनल, भारत मुंबई कंटेनर टर्मिनल्स. सिंगापूरच्या पीएसए कंपनीकडे असलेल्या या टर्मिनलच्या पहिल्या टप्प्यातील १,००० मीटरच्या धक्क्याचे लोकार्पण १८ फेब्रुवारी २०१८ रोजी झाले. दुसऱ्या टप्प्याचे उद्घाटन ४ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. त्यामुळे एकूण धक्का २,००० मीटरचा आणि वार्षिक क्षमता ४८ लाख टीईयू झाली. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने केलेली मोजणी. चाळीस फुटी एक कंटेनर दोन टीईयू धरतात.

या पट्ट्यात समुद्रतळाशी मऊ चिखल, त्याखाली झिजलेला खडक म्हणजे मुरूम, आणि त्याखाली कठीण बसाल्ट अशी साधारण रचना आढळते. चिखलाची जाडी ठिकठिकाणी बदलते. ती काही जागी थोडी असते, तर काही जागी दहा मीटरहून जास्त भरते. खडकाची पातळीही सपाट नाही. शंभर मीटरच्या अंतरात ती कित्येक मीटर वरखाली होऊ शकते.

आधी माती ओळखायची

विस्ताराचे काम भोके पाडण्यापासून सुरू होते. तराफ्यावर किंवा पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या फलाटावर यंत्र ठेवून समुद्रतळात खडकापर्यंत ठरावीक अंतराने छिद्रे घेतात. मऊ मातीचे नमुने पातळ भिंतीच्या नळीतून, शक्य तितके न हलवता वर काढतात, कारण हललेला नमुना प्रत्यक्षापेक्षा दुबळा भासतो. खोलवर चार पात्यांचे छोटे यंत्र रोवून ते फिरवतात आणि माती किती जोर लावल्यावर सुटते हे जागेवरच मोजतात.

अशा चिखलाची ताकद पुष्कळदा ५ ते १५ किलोपास्कल भरते. समजा, ती ८ किलोपास्कल आहे. मृदाशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने अशी माती दर चौरस मीटरला सुमारे ४ टन भार पेलते. हे म्हणजे जेमतेम दोन मीटर उंचीचा मुरमाचा ढीग. त्याहून उंच भराव एकदम टाकला तर खालचा चिखल बाजूला सरकून वर उसळतो आणि भराव खचतो.

धक्का: चिखल ओलांडून खडकावर

कंटेनर बंदराचे दोन मुख्य भाग असतात. जहाज जिथे लागते तो धक्का, आणि कंटेनर जिथे रचून ठेवतात ते यार्ड. दोघांचा पाया वेगळ्या तत्त्वावर उभा असतो आणि बहुतेक अडचणींचे मूळ इथेच असते.

धक्क्याला दबणे परवडत नाही. जहाजावरून कंटेनर उचलणारी एक क्रेन हजार टनांहून जड असते आणि रुळांवर चालते. रूळ काही मिलिमीटर वाकडे झाले तरी चाके अडू लागतात. म्हणून धक्का चिखलावर टेकवतच नाहीत. तो पाइलवर उभा करून त्यांचे तळ खडकात रुतवतात.

त्यासाठी आधी पोलादी नळी, म्हणजे लायनर, चिखलातून खाली ठोकतात. मऊ माती आत ढासळू नये, यासाठी ही नळी लागते. तिच्या आतून माती काढत यंत्र मुरमापर्यंत आणि पुढे खडकात काही मीटर उतरते. खडकातल्या या भागाला सॉकेट म्हणतात. मग सळ्यांचा पिंजरा सोडून तळापासून वर काँक्रीट भरतात. काँक्रीट पाण्यातून पडू दिले तर सिमेंट धुऊन जाते, म्हणून ते तळाला टेकलेल्या लांब पाइपातून सोडतात. पाइलच्या डोक्यांवर तुळया आणि त्यांवर डेक येतो.

भार फक्त खाली दाबणारा नसतो. लाखभर टनांचे जहाज संथपणे टेकले तरी धक्क्याला आडवा धक्का बसतो. रबरी फेंडर तो शोषून घेतात. वाऱ्याने जहाज दूर जाऊ लागले की दोर धक्क्याला बाहेर ओढतात. चिखलाकडून पाइलला बाजूचा आधार जवळजवळ मिळत नाही. त्यामुळे डेकपासून खडकापर्यंतचा पाइल उंच, बारीक खांबासारखा वागतो. म्हणून पाइल जाड घ्यावे लागतात आणि त्यांची एकमेकांशी जोड भक्कम ठेवावी लागते. भारतात या कामासाठी बंदर रचनेचे आयएस ४६५१ आणि पाइलचे आयएस २९११ ही मानके वापरतात.

यार्ड: चिखलावरच, पण आधी पिळून

यार्ड कित्येक हेक्टरांचे असते. एवढ्या जागेखाली खडकापर्यंत पाइल घालणे फार महाग पडते. म्हणून यार्ड बहुधा मातीवरच ठेवतात आणि आधी ती माती सुधारतात.

ओझे किती ते पाहू. चाळीस फुटी कंटेनरचे कमाल वजन सुमारे ३० टन. एकावर एक पाच पूर्ण भरलेले कंटेनर ठेवले तर १५० टन होतात. ते सुमारे ३० चौरस मीटरवर पसरले असे धरले तर दर चौरस मीटरला ५ टन येतात. प्रत्यक्षात कंटेनर चार कोपऱ्यांवरच टेकतो, म्हणजे तळहाताएवढ्या प्रत्येक कोपऱ्यावर ३७ टनांहून अधिक भार येतो.

हा भार आणि त्याखालचा भराव यांनी दहा मीटर जाडीचा चिखल किती दबेल? नेहमीचे आकडे घेऊन हिशेब केला तर उत्तर एक ते दीड मीटर येते. सगळीकडे सारखे दबले असते तर फारसे बिघडले नसते. पण चिखलाची जाडी बदलते, म्हणून दबणेही बदलते. एका जागी मीटरभर आणि पन्नास मीटरवर वीतभर खचलेल्या यार्डात पाणी तुंबते, क्रेन तिरक्या चालतात आणि पाच मजली रास झुकते.

दुसरा प्रश्न वेळेचा. मऊ माती दबते म्हणजे तिच्या कणांमधले पाणी पिळले जाते. चिकणमातीतून पाणी अतिशय हळू वाहते. कार्ल टेर्झागी यांनी १९२५ च्या सुमारास या क्रियेचे गणित मांडले. त्यातली कळीची गोष्ट अशी की लागणारा वेळ पाण्याला बाहेर पडायला जावे लागणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा मीटर जाडीच्या थरातून पाणी वर आणि खाली दोन्हीकडे निघू शकत असेल, तरी दबण्याचा ९० टक्के भाग पुरा व्हायला वीस वर्षे लागू शकतात. बंदर तेवढे थांबू शकत नाही.

उपाय याच गणितातून निघतो. पाण्याचा रस्ता छोटा करायचा. त्यासाठी सुमारे १०० मिलिमीटर रुंद आणि काही मिलिमीटर जाड अशा प्लास्टिकच्या पट्ट्या चिखलात उभ्या रोवतात. पट्टीच्या गाभ्यात पन्हळी असतात आणि भोवती गाळणीचे कापड. इंग्रजी आद्याक्षरांवरून अभियंते तिला पीव्हीडी म्हणतात. पोलादी पोकळ दांड्याने पट्टी खडकाजवळ नेतात, दांडा काढून घेतात, पट्टी आत राहते. अशा पट्ट्या मीटर-दीड मीटर अंतराने हजारोंनी घालतात. आता पाण्याला पाच मीटर वर जायची गरज नसते. अर्धा मीटर आडवे सरकले की पट्टी मिळते आणि तिच्यातून पाणी वरच्या वाळूच्या थरात येते. वीस वर्षांचे काम साधारण सहा महिने ते वर्षभरावर येते. अंतर दहापट कमी झाले तरी शंभरपट फायदा पदरात पडत नाही, कारण पट्टी रोवताना भोवतीची माती चेपली जाऊन तिथला प्रवाह मंदावतो.

पट्ट्या फक्त वाट देतात. पाणी ढकलायला वजन लागते. म्हणून वरून मुरमाचा किंवा दगडमातीचा तात्पुरता भराव टाकतात. पुढे यार्डावर जेवढा भार येणार, तेवढा किंवा त्याहून थोडा जास्त. पण हा ढीगही टप्प्याटप्प्यानेच चढवता येतो, कारण सुरुवातीला चिखल दोनच मीटर पेलतो. पहिला थर टाकायचा, काही आठवडे थांबायचे, पाणी निघू द्यायचे. माती घट्ट होत जाते तशी तिची ताकद वाढते, ढोबळ हिशेबाने वाढीव दाबाच्या पाचव्या हिश्शाएवढी. मग दुसरा थर.

हे सारे अंदाजावर सोडत नाहीत. जमिनीवर खचण्याचे मापक, आत पाण्याचा दाब मोजणारी उपकरणे आणि कडेला माती बाजूला सरकते का हे पाहणाऱ्या नळ्या बसवतात. १९७८ साली आसाओका या जपानी अभियंत्याने समान अंतराने घेतलेल्या नोंदींवरून अंतिम खचणे काढण्याची सोपी रीत दिली. ती आजही वापरली जाते. हव्या त्या टक्क्यापर्यंत खचणे पुरे झाल्याचे नोंदी सांगतात तेव्हाच भराव काढतात.

घाई केली तर काय होते? काढायच्या आधी राहिलेले खचणे नाहीसे होत नाही. ते फरसबंदी, गटारे आणि केबल घातल्यावर, बंदर चालू असताना पुरे होते. भरपूर काळजी घेऊनही अंदाज चुकू शकतो. जपानमधील समुद्रात भराव घालून केलेला कान्साई विमानतळ १९९४ मध्ये सुरू झाला. तिथे वरच्या मऊ थरात वाळूचे उभे निचरे घातले होते, पण त्याखालचे खोल थर अपेक्षेपेक्षा जास्त दबले. त्या बेटाचे एकूण खचणे दहा मीटरहून अधिक झाले आहे.

सांध्याची जागा

खडकावरचा धक्का हलत नाही आणि चिखलावरचे यार्ड दबते. दोन्ही जिथे भेटतात ती रेषा सर्वांत नाजूक असते. दिवसरात्र ट्रेलर तिच्यावरून जातात. तिथे वीतभर पायरी पडली तरी वाहतूक मंदावते. म्हणून त्या पट्ट्यात माती जास्त सुधारतात, किंवा एका टोकाने धक्क्यावर आणि दुसऱ्या टोकाने भरावावर टेकलेली काँक्रीटची लादी ठेवतात. भराव खचला की लादी किंचित कलते, तुटक पायरी पडत नाही.

या रेषेजवळ आणखी दोन धोके असतात. एक, दबणारी माती तिच्यातल्या पाइलला धरून खाली ओढते. एरवी पाइलला आधार देणारे घर्षण इथे उलटे ओझे बनते आणि ते हिशेबात धरावेच लागते. दोन, मागच्या भरावाच्या दाबाने चिखल समुद्राकडे सरकू पाहतो आणि पाइलना कुशीतून ढकलतो. म्हणून भराव आधी, त्याचे दबणे नंतर आणि मागच्या रांगांचे पाइल शेवटी, हा क्रम शक्यतो पाळतात. मुदत कमी असली की हा क्रम मोडण्याचा मोह होतो.

चालू बंदराशेजारी काम

नवे बंदर मोकळ्या जागी बांधणे आणि जुन्याला जोड देणे यांत फरक आहे. शेजारी जहाजे लागत असतात. पाइल ठोकण्याची कंपने जुन्या धक्क्यापर्यंत पोहोचतात. मोठ्या जहाजांसाठी धक्क्यापुढे तळ खोल करावा लागतो, पण तळ खोदला की धक्क्याखालचा उतार तीव्र होतो. जुने पाइल ज्या खोलीसाठी आखले होते त्यापेक्षा जास्त उघडे पडले तर त्यांची ताकद पुन्हा तपासावी लागते. जुना आणि नवा डेक एकजीव न करता मध्ये सांधा ठेवतात, म्हणजे तापमानाने होणारी हालचाल आणि भूकंपातील हेलकावे दोन्ही भाग वेगवेगळे सोसतात.

खोदलेला तळ तसाच राहतही नाही. मुंबई परिसरात मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढते, आणि येणारे-जाणारे पाणी गाळ आणून टाकते. त्यामुळे जहाजमार्गाचा गाळ दरवर्षी काढावा लागतो. हा खर्च विस्ताराच्या हिशेबात कायमचा असतो.

इतर वाटा

पट्ट्या आणि भराव हा एकच उपाय नाही. चिखलाचा थर पातळ असेल तर तो उपसून जागी वाळू किंवा दगड भरतात, पण मग उपसलेला गाळ टाकायचा कुठे हा प्रश्न उरतो. कंपन करणाऱ्या यंत्राने चिखलात खडीचे उभे स्तंभ घालता येतात. ते भारही उचलतात आणि निचराही करतात. जपानमध्ये यंत्राने सिमेंट आणि चिखल जागेवरच कालवून कडक खांब करण्याची पद्धत रुळली आहे. ती लवकर होते, पण महाग पडते. क्रेनच्या चाकांखालच्या पट्ट्यांना स्वतंत्र पाइल देऊन बाकी यार्ड मातीवर ठेवणे, हा मधला मार्ग आहे. यार्डात काँक्रीटच्या अखंड लादीऐवजी पेव्हर ब्लॉक घालण्यामागेही हाच विचार असतो. जागा खचली की ब्लॉक उचलून, खाली भर घालून पुन्हा बसवता येतात.

चिखलात राहणारे

अभियंत्याला जो चिखल अडचणीचा, तोच कोळ्यांना उपजीविका देतो. निवट्या, खेकडे, कालवे आणि लहान मासळी याच भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढतात. भराव पडला, तिवरे गेली, खाडीच्या पाण्याची वाट बदलली की मासेमारी आटते. चौथ्या टर्मिनलसह उरण भागातील कामांविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाईचा प्रश्न मात्र त्यानंतरही बराच काळ चालू राहिला. त्यामुळे पाण्याची वाट आणि तिवरांची जागा याही गोष्टी पहिल्या नकाशापासूनच विस्ताराच्या आराखड्यात असायला हव्यात.

पुढचे बंदर, वेगळी माती

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. आराखड्यात प्रत्येकी १,००० मीटरची नऊ कंटेनर टर्मिनले असून समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. तो मुख्यतः समुद्रातील वाळूचा असेल. वाळूतून पाणी लवकर निघते, त्यामुळे वर्षानुवर्षे दबण्याची भीती कमी. पण सैल, पाण्याने भरलेली वाळू भूकंपात क्षणभर द्रवासारखी वागू शकते. १९९५ च्या भूकंपात जपानच्या कोबे बंदरात भरावाच्या जमिनीवरील धक्क्यांच्या भिंती काही ठिकाणी कित्येक मीटर समुद्राकडे सरकल्या आणि जगातील आघाडीचे ते कंटेनर बंदर बंद पडले. म्हणून वाळूचा भराव कंपनाने ठासून घट्ट करावा लागतो. जागा बदलली की मातीचा प्रश्न बदलतो, आणि दुसरीकडचे उत्तर जसेच्या तसे उचलता येत नाही.

थोडक्यात

मऊ मातीतल्या कंटेनर बंदरात धक्का पाइलवरून खडकावर टेकतो, यार्ड पिळून घट्ट केलेल्या चिखलावर राहते, आणि दोन्हींच्या सांध्यावर सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. तंत्राने मातीचा वेळ वीस वर्षांवरून वर्षभरावर आणता येतो, पण शून्यावर आणता येत नाही. काळ्या रानात पाऊस पडल्या पडल्या औत घातले तर जमीन चोपण होते. शेतकरी वाफसा येईपर्यंत थांबतो. बंदर बांधणाऱ्यालाही चिखलाचा वाफसा पाहावा लागतो. तो डोळ्यांना दिसत नाही, मापकांच्या नोंदीत दिसतो. ती नोंद नीट वाचून पुरेसे थांबलेल्या यार्डात पाचोऱ्यावरून आलेला कंटेनर पुढची कित्येक वर्षे सरळ उभा राहतो.